नवव्या फर्म्यातलं कपाट

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि तीही प्रेमाची. तीनशे चार पानं, गडद हिरवा पुठ्ठा, पाठीवर चिकटवलेला वाचनालयाचा क्रमांक. आता तुम्ही म्हणाल, असल्या पुस्तकाची कहाणी ती काय असणार? कोणी वाचलं, कोणी रडलं, कोणी पान दुमडून ठेवलं. तेही सगळं झालंच. पण माझ्या पोटात सोळा पानं भलत्याच पुस्तकाची आहेत, आणि माझं जे काही बरंवाईट झालं ते त्या सोळा पानांपायी झालं.

पुस्तक एकदम जन्माला येत नाही. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. तो कागद घड्या घालून दुमडला की त्याला फर्मा म्हणतात. मला असे एकोणीस फर्मे लागले. बांधणीच्या कारखान्यात लांबलचक टेबलावर एकोणीस थप्प्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि जुळणी करणाऱ्या बायका टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक थप्पीवरून एकेक फर्मा उचलत होत्या. टेबल संपलं की हातात पुस्तक तयार. मग शिलाई, खळ आणि पुठ्ठा.

माझी जुळणी जिने केली ती वीस वर्षं हेच काम करत होती. तिचा हात इतका बसलेला होता की ती डोळे मिटूनही चुकली नसती. नेमकी डोळे उघडे असताना चुकली. त्या दिवशी तिची मैत्रीण स्वतःच्या सासूची नक्कल करत होती आणि सगळं टेबल पोट धरून हसत होतं. माझ्या नवव्या फर्म्याची थप्पी संपली. शेजारच्या टेबलावर त्याच आकाराचं एक विनोदी पुस्तक लागलेलं होतं. फर्म्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो. हिने हसता हसता मान वळवली, तिकडे नऊ दिसले, मूठभर फर्मे उचलले आणि इकडे आणून ठेवले. तपासणाऱ्याने पानांचे आकडे पाहिले. एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस, पुढे एकशे चव्वेचाळीस, एकशे पंचेचाळीस. नवव्या फर्म्यात कोणत्याही पुस्तकाची तीच पानं येतात. आकडे बरोबर म्हणून मीही बरोबर ठरले.

आता माझ्यात काय झालं ते ऐका. माझा नायक पुलांचे नकाशे काढतो आणि नायिका टपाल कचेरीत काम करते. एकशे अठ्ठाविसाव्या पानाच्या शेवटी दोघं नदीच्या धक्क्यावर उभी आहेत. ती विचारते, "तू येणार आहेस का माझ्याबरोबर?" तो तिच्याकडे बघतो, ओठ उघडतो आणि समोरच्या पानावर वाचायला मिळतं: "कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा मामांच्या हातात त्याचं एक दार तेवढं होतं."

पुढची सोळा पानं ते कपाट जिन्यातच आहे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं त्याच दिवशी लग्न. नवरामुलगा वर, लग्न खाली. शेवटी कपाटाची मागची फळी काढतात आणि नवऱ्याला, त्याच्या आईला, दोन आत्यांना आणि एका लठ्ठ काकांना एकेक करून कपाटातून खाली उतरवतात. मामा प्रत्येकाला सांगतात, "पाय पुसून आत या, कपाट नवीन आहे." काका अर्थातच आत अडकतात. मामा घाम पुसत म्हणतात, "आता एकच उपाय उरला. सगळ्यांनी मिळून..." आणि तिथे माझं एकशे पंचेचाळिसावं पान लागतं: "आठ वर्षांनी त्याने तिला पुन्हा पाहिलं, तेव्हा तिच्या केसांत एक पांढरी बट होती."

दोघांची ताटातूट का झाली, चूक कोणाची होती, हे सगळं त्या हरवलेल्या सोळा पानांत होतं. ते तेव्हा मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आपल्याच आयुष्यातलं मुख्य कारण आपल्याला माहीत नसावं, याचं वाईट वाटायचं.

मी वाचनालयात आले. सुरुवातीला मला चांगली मागणी होती. मग माझ्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसू लागलं. एकाने लिहिलं, "हे मामा कोण?" खाली दुसऱ्या अक्षरात, "पुढे कळेल." त्याच्याही खाली तिसऱ्याने चिडून, "नाही कळत. मी शेवटपर्यंत वाचलं." एका प्राध्यापकांनी तर मला वर्गात नेलं आणि पाऊण तास माझी स्तुती केली. ऐन विरहाच्या क्षणी कपाट आणायचं धाडस लेखिकेने केलं आहे, ते कपाट म्हणजे नायकाचं बंद मन आहे, असं ते म्हणाले. मी फुलून गेले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, माझ्या प्रतीत कपाट नाहीये." प्राध्यापकांनी मला मिटलं आणि त्याच दिवशी परत करून टाकलं.

वाचनालयाच्या बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी मला पानन् पान तपासलं आणि पहिल्या पानावर जांभळ्या शाईत शिक्का मारला: सदोष प्रत. मला कोपऱ्यातल्या तळाच्या फळीवर ठेवलं. तिथे तीन वर्षं मला कोणी हात लावला नाही. झाडूची टोकं तेवढी लागत.

एके दिवशी एक घड्याळदुरुस्तीवाले आले. बारीक अंगाचे, कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. ते म्हणाले, "बाई, असं एखादं पुस्तक द्या, की जे दुसरं कोणी मागत नाही. मला वेळ लागतो. बायकोला वाचून दाखवायचंय. तिला आता अक्षर दिसत नाही."

बाईंनी मला काढलं, धूळ झटकली आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "ह्याला कोणी मागत नाही. पण मध्ये सोळा पानं भलतीच आहेत."

"चालेल की," ते म्हणाले. "लोक माझ्याकडे दुसऱ्याच घड्याळाचं चाक बसवलेली घड्याळं आणतात. तीही चालतात."

दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. खिडकीशी त्यांच्या बायकोची खुर्ची होती. ती पूर्वी टेलिफोन खात्यात जोडणी करून द्यायची, त्यामुळे तिचे कान भारी तयार होते. घरात एकवीस घड्याळं टिकटिकत असायची आणि त्यातलं एक मंदावलं तर नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ते मला मांडीवर घेत आणि वाचायला बसत. वाचणं काही फार झोकात नव्हतं. नायिकेचा आवाज काढायला गेले की त्यांना खोकला यायचा.

धक्क्यावरचा प्रसंग आला. नायकाने ओठ उघडले. ते समोरच्या पानावर गेले आणि तोंडातून कपाट बाहेर पडलं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"कपाट. जिन्यात अडकलंय."

"पुलाच्या कामासाठी आणलं होतं का?"

आणि मग ती हसायला लागली. त्याला कारण मामांपेक्षा नवऱ्याचा गोंधळलेला आवाज जास्त होता. लठ्ठ काका अडकेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळे गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. ती माझ्या कडेवर घट्ट रुतली होती.

एकशे चव्वेचाळिसावं पान संपलं. समोर दिसत होतं, "आठ वर्षांनी त्याने तिला पुन्हा पाहिलं." ते थांबले. तिला मधलं काहीच कळणार नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे न बघताच ते बोलू लागले, "तर मग नायक म्हणाला, मला यायला जमणार नाही. पुलाचं काम अर्धवट आहे. वरिष्ठ रजा देत नाहीत..."

मित्रांनो, माझ्यात असं एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, हे काय चाललंय? पण ते चांगली दहा मिनिटं बोलत राहिले, आणि शेवटी नायिकेला बोटीत बसवून ते समोरच्या पानावर आले.

त्यानंतर वर्षातून एकदा ते मला घरी न्यायचे. बाकीची कादंबरी दर वेळी तीच असे, कपाटही तिथेच अडके. मधला भाग मात्र दर वर्षी बदलायचा. दुसऱ्या वर्षी वरिष्ठ रजा देत होते, पण नायकानेच ती मागितली नाही. तिसऱ्या वर्षी कळलं की नायिकेची आई आजारी होती आणि नायिका तिच्याकडे निघाली होती. चौथ्या वर्षी ती आई वारली, आणि नायक तेव्हाही गेला नाही. दर वर्षी नायकाचा दोष थोडा वाढत होता. मला राग यायचा. माझ्या नायकाचं असं वाटोळं करायचा यांना काय अधिकार?

सहाव्या वर्षी मला उलगडा झाला. ते सांगत होते, "आणि ती माहेरी एकटी सगळं निस्तरत होती, आणि हा इथे. ह्याला वाटत होतं, शहराचं काम हातात आहे, नाव होईल, चार लोक मान वर करून बघतील. तिची आई गेल्याचा निरोप आला तेव्हा हा मनोऱ्यावर चढलेला होता, चौकातल्या घड्याळाचे काटे बसवत..."

बोलता बोलता ते थांबले. पुलांचे नकाशे काढणारा माणूस मनोऱ्यावर घड्याळाचे काटे कशाला बसवेल? खोलीतली एकवीस घड्याळं तेवढी बोलत होती. मला वाटलं, आता हे मला मिटणार आणि पुन्हा कधी उघडणार नाहीत.

"थांबलात का?" ती म्हणाली. "वाचा ना."

"त्याने जायला हवं होतं," ते म्हणाले. "घड्याळ कुठे पळून जाणार होतं? चूक त्याची होती. नंतर ती आठ महिन्यांनी परत आली, तेव्हाही त्याने कधी तसं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं."

ती त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "तिनेही एक चिठ्ठी टाकायला हवी होती. की मी वाट बघतेय म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या त्या पानावर फक्त मामा आणि लठ्ठ काका होते. "हो, आहे," ते म्हणाले. "इथेच आहे, पुढच्या ओळीत."

त्या दिवशी सदोष असल्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं. माझी सोळा पानं जागेवर असती तर त्यांना बोलायला जागाच मिळाली नसती.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. घड्याळांचं दुकान बंद झालं, घड्याळदुरुस्तीवाले गेले, एवढं कोणीतरी बाईंना सांगताना मी फळीवरून ऐकलं. पुस्तकाला रडता येत नाही. नाहीतर माझी शाई पसरली असती.

मग माझी नवी आवृत्ती निघाली. वाचनालयात तिची कोरी प्रत आली, एकोणीसही फर्मे स्वतःचे. बाईंनी मोठ्या समाधानाने ती मधल्या फळीवर ठेवली, माझ्यावर "रद्द" असा दुसरा शिक्का मारला आणि मला जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात बांधून जिन्याखाली ठेवलं. शनिवारी रद्दीवाला यायचा होता. कागदाचा लगदा कसा करतात ते मला माहीत होतं. कारखान्यात आमच्या कातरलेल्या कडा तिकडेच जायच्या.

माझ्यामागे काय घडलं ते मला नंतर कळलं. घड्याळदुरुस्तीवाल्यांची लेक आता आईजवळ राहायला आली होती. आईने तिला ती कादंबरी आणायला सांगितली. लेकीने नाव सांगितलं, बाईंनी कोरी प्रत दिली. लेक छान वाचायची, खोकल्याशिवाय. धक्क्यावरचा प्रसंग आला, नायकाने ओठ उघडले आणि त्याने नीट उत्तर दिलं. खऱ्या पानांत म्हणे एक खोटं पत्र होतं आणि एक दुष्ट मावशी होती. सगळा दोष मावशीचा.

"हे ते नाही," आई म्हणाली. "कपाट कुठे गेलं?"

"कसलं कपाट?"

"जिन्यात अडकलेलं. त्यातून नवरामुलगा खाली उतरतो. मग काका अडकतात."

"आई, प्रेमाच्या गोष्टीत कपाट कशाला येईल?"

"येतं. मग ते सांगतात चूक कोणाची होती ते."

लेक घाबरली. आधी डोळे गेले, आता आईचं डोकंही चाललं की काय, असं तिला वाटलं. तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. आईने गोळी घेतली नाही आणि कपाटही सोडलं नाही. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी आई म्हणाली, "मला वाचनालयात ने. तुला मी वेडी वाटते ना? त्या बाईंना विचारू."

त्या दोघी आल्या तेव्हा वाचनालय बंद व्हायला आलं होतं. लेकीने आईला बाकावर बसवलं आणि बाईंच्या कानाशी जाऊन म्हणाली, "माफ करा हं. आईचं वय झालंय. ती एका कपाटाचं विचारतेय. तुम्ही नुसतं हो म्हणा."

बाई उभ्याच राहिल्या. "कपाट?" त्या म्हणाल्या. "अहो, कपाट आहे!"

आणि त्या शिस्तीच्या बाई जिन्याखाली चक्क गुडघ्यांवर बसल्या. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. मी सगळ्यात खाली होते. त्यांनी मला पदराने पुसलं, दिव्याखाली आणलं आणि तिथेच एकशे अठ्ठाविसावं पान उघडून वाचायला सुरुवात केली.

मामा आले. लेकीने तोंडावर हात ठेवला. दोन आत्या उतरल्या, काका अडकले. आई हसत होती, पण या वेळी तिने एक हात बाजूला पुढे केला होता, कोणीतरी शेजारी बसलेलं असावं तसा. तो हात नंतर तिने तसाच मागे घेतला.

"सगळ्यांनी मिळून," बाईंनी वाचलं आणि समोरच्या पानाकडे बोट नेलं.

"थांबा," आई म्हणाली. "इथे थोडं थांबायचं असतं." आणि ती बोलू लागली. रजा न मागणारा नायक, आजारी आई, मनोरा, घड्याळाचे काटे. घसा साफ करायची नवऱ्याची जागासुद्धा तिने सोडली नाही. "चूक त्याची होती," ती म्हणाली. "आणि तिनेही चिठ्ठी टाकायला हवी होती."

लेक तिच्यापुढे खाली बसली. "आई, हे पुस्तकात नाहीये गं."

"माहीत आहे मला. एवढं लांबलचक बोलायचे आणि पान उलटल्याचा आवाज एकदाही यायचा नाही. मला दिसत नाही, ऐकू येतं."

"मग त्यांना कधी म्हणाली नाहीस?"

"म्हटलं असतं तर त्यांनी सांगणं बंद केलं असतं. पहिल्या वर्षी नुसतं रजेवर ढकललं होतं. खऱ्यापर्यंत यायला त्यांना सहा वर्षं लागली. मला काय, घाई नव्हती."

बाईंनी नोंदवहीतून माझं नाव आधीच कमी केलं होतं. त्यांनी मला आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे परत करायचं नाही."

आता मी त्या दोन खोल्यांत असते. माझी शिवण सैल झाली आहे, पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदराने नेला आहे. घड्याळांतली चारच चालू आहेत. गेल्या सुट्टीच्या दिवशी लेकीने मला मांडीवर घेतलं. कपाट अडकलं, काका अडकले, एकशे चव्वेचाळिसावं पान संपलं. आई खुर्चीत सावरून बसली, आता बोलायची पाळी तिची होती. पण लेक थांबली नाही. तिने घसा साफ केला.

"मग ती मुलगी म्हणाली, आई, मी तुला न विचारता डॉक्टरांना विचारलं. तू वेडी झालीस असं मला वाटलं. चुकलं माझं."

"मुलगी?" आई म्हणाली. "या गोष्टीत मुलगी कुठून आली?"

"आहे ना. इथेच आहे, पुढच्या ओळीत."

आईने हात पुढे केला. तो या वेळी लेकीच्या गुडघ्यावर जाऊन टेकला. "हं," ती म्हणाली. "मग वाच पुढे."

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, आणि एखादं पुस्तक सदोष निघालं म्हणून लगेच जिन्याखाली टाकू नका. आणखी एक सांगते. कोणी तुम्हाला वाचून दाखवत असेल आणि बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही, तर मध्ये बोलू नका. ऐकत राहा.

आणि ते कपाट पुढे कसं निघालं, हे तुम्हाला कुठे वाचायला मिळालं, तर आम्हाला येऊन सांगा. आई अजून विचारते.